संगीत-मासिकाचे पान आणि छायाचित्राचे संपादन

'फोटोशॉप शिकायला किती दिवस लागतात?' हा प्रश्न मासिक काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटात कधी ना कधी विचारला जातो, आणि त्याला सरळ उत्तर देता येत नाही, कारण शेकडो आज्ञा असलेला हा प्रोग्राम पूर्णपणे अवगत असलेला माणूस या व्यवसायातही क्वचितच आढळतो. मात्र हाच प्रश्न 'संगीत-मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुलाखतीची दोन पाने तयार करण्यापुरते काय यायला हवे?' असा विचारला, तर उत्तर आटोपशीर निघते. आठ-दहा क्रिया, त्यांमागची कारणे आणि त्या कोणत्या क्रमाने कराव्यात याचे भान, एवढ्यावर हे काम उभे राहते. यांपैकी क्रमाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बहुतेक नवशिके आधी फोटो उघडतात, त्याला फिल्टर लावतात आणि मग तो पानावर कुठे बसेल ते शोधतात. या प्रकरणात नेमका उलटा मार्ग धरला आहे.

१. पान काय मागते?

विद्यार्थ्यांकडून संगीत-मासिक करून घेण्याची पद्धत इंग्लंडमध्ये चांगली रुजली होती. ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून काही वर्षे राबवलेल्या मीडिया स्टडीजच्या अभ्यासक्रमात, एएस म्हणजे बारावीच्या आसपासच्या पातळीवर, विद्यार्थ्याने पूर्वतयारी म्हणून आपल्या शाळेच्या मासिकाचे मुखपृष्ठ करायचे आणि मुख्य काम म्हणून एका नव्या संगीत-मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला लेख तयार करायचा, अशी अपेक्षा होती. मजकूर आणि छायाचित्रे विद्यार्थ्याची स्वतःचीच असावीत व छायाचित्रे किमान चार असावीत, अशी अटही होती. या आखणीतला शहाणपणा असा की तीन प्रकारची पाने छायाचित्राकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागतात, आणि ती मागणी समजली की संपादनाचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

मुखपृष्ठाला एकच ठळक चेहरा लागतो. फोटो उभा असावा, डोक्याच्या वर मासिकाच्या नावासाठी मोकळी जागा असावी, आणि निदान एका बाजूला आतल्या लेखांची शीर्षके बसतील इतकी रिकामी भिंत असावी. ब्रिटिश दुकानांतल्या फळ्यांवर मासिके एकमेकांवर चढवून मांडलेली असत आणि त्यामुळे प्रत्येकाचा डावा तिसरा हिस्साच दिसे, म्हणून तिथल्या संपादकांनी महत्त्वाची शीर्षके डाव्या बाजूला ठेवण्याची सवय लावून घेतली. वर्गात हातोहात फिरणाऱ्या मासिकाने ती सवय उसनी घेण्याचे काही कारण नाही. अनुक्रमणिकेला लहान आकारातही ओळखू येतील असे फोटो लागतात, त्यामुळे तिथे अख्ख्या वाद्यवृंदापेक्षा तारांवरची बोटे किंवा पुडीवरचा पंजा अधिक उपयोगी पडतो. दोन पानांच्या लेखातला आडवा फोटो मात्र मधल्या घडीवरून जातो, आणि त्या घडीत चेहरा सापडला तर नाकाचा निम्मा भाग पिनांत जातो. म्हणून गायक घडीच्या एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला, ही रचना फोटो काढतानाच ठरवून ठेवावी लागते.

२. फोटो किती मोठा छापता येतो?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फोटोला सेंटिमीटरमध्ये मोजता येईल असा स्वतःचा आकार नसतो. त्याचे पिक्सेल कागदाच्या एका इंचात किती दाटीने बसवायचे हे ठरले की आकार ठरतो. चांगल्या गुळगुळीत कागदावरच्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा आकडा सर्वत्र सांगितला जातो, पण तो कुठून आला हे क्वचितच सांगितले जाते. ऑफसेट यंत्र फिक्या-गडद छटा थेट छापू शकत नाही. ते शाईचे लहानमोठे ठिपके ओळीने छापते आणि डोळ्याला त्यांतून छटांचा भास होतो. मासिकाच्या कागदावर अशा ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी एका इंचात बसतात, आणि प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल असले की कडा नीट उतरतात. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर ओळी बऱ्याच विरळ असतात, म्हणून तिथे कमी पिक्सेलही चालतात.

आता प्रत्यक्ष हिशोब पाहता येईल. ए-४ पान २१० × २९७ मिलिमीटरचे असते. छपाईनंतर कडा कापताना सुरी किंचित इकडेतिकडे गेली तर पांढरी रेघ दिसू नये म्हणून फोटो पानाबाहेर चारही बाजूंना ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. म्हणजे फोटोला २१६ × ३०३ मिलिमीटर, अर्थात साधारण ८.५ × ११.९ इंच जागा भरायची आहे. इंचाला ३०० याप्रमाणे ही जाळी २५५१ × ३५७९ पिक्सेलची होते. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा उभा फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा असतो, त्यामुळे तो मुखपृष्ठाला सहज पुरतो. पण फोटो दुरून घेतला असेल आणि गायिकेचा चेहरा मोठा दिसावा म्हणून त्यातला निम्म्या रुंदीचा तुकडा, म्हणजे १५०० पिक्सेल, कापून घेतला तर इंचाला जेमतेम १७६ पिक्सेल उरतात आणि केस, तारा, भुवया यांच्या कडा मऊ पडतात. संगणकावर 'इमेज साइज' वाढवून हे दुरुस्त होत नाही, कारण प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरतो; कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्याला ठाऊक नसतो.

क्रॉप करणे, म्हणजे फोटोची कड कापून चौकट बदलणे, ही सर्वांत सोपी क्रिया असल्याने ती सर्वांत निष्काळजीपणे केली जाते. क्रॉप करताना बोटे, कोपरे आणि वाद्याची टोके यांकडे लक्ष द्यावे. सतारीचा दांडा अर्धा कापलेला चालतो, पण खुंट्या असलेले टोक नेमके कडेला टेकले की ते चुकून राहिल्यासारखे दिसते. मित्राकडून फोटो मागवताना तो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने न मागवता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवावा. साध्या पद्धतीत फोटो आकाराने लहान होऊन येतो, आणि तो मोबाइलच्या पडद्यावर ठीक दिसत असल्याने घोटाळा छपाई होईपर्यंत कळत नाही.

३. उजेडाचा हिशोब

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रमाणाचे तीन आकडे साठवलेले असतात, आणि नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. तिन्ही ० असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा. एखाद्या फोटोत काळोखे पिक्सेल किती, मध्यम किती आणि उजळ किती हे दाखवणाऱ्या आलेखाला हिस्टोग्राम म्हणतात. मळकट, धुरकट वाटणाऱ्या फोटोचा हिस्टोग्राम पाहिला तर बहुधा सगळी रास मधोमध गोळा झालेली आणि दोन्ही टोके रिकामी दिसतात.

त्यावरचा पहिला उपाय 'लेव्हल्स' या आज्ञेत आहे. समजा, फोटोतला सर्वांत गडद आकडा ३० आणि सर्वांत उजळ आकडा १९० आहे. लेव्हल्समध्ये काळ्याची खूण ३० वर आणि पांढऱ्याची खूण १९० वर आणली की ३० चा ० होतो, १९० चा २५५ होतो आणि मधले आकडे त्याच प्रमाणात ताणले जातात: ११० हा आकडा ३० पासून ८० पुढे, म्हणजे १६० च्या पल्ल्याच्या बरोबर मध्यावर असल्याने, तो साधारण १२८ होतो. फोटोवरचे धुके गेल्यासारखे वाटते ते एवढ्याशा गणिताने. टोके तशीच ठेवून मधल्या छटा उजळ किंवा गडद करायच्या असतील तर 'कर्व्हज' वापरतात. त्यात सरळ रेषेला हलका बाक देऊन हे साधते. नवशिक्याने 'ब्राइटनेस' आणि 'कॉन्ट्रास्ट' या पट्ट्यांऐवजी आरंभापासूनच या दोन आज्ञांची सवय लावावी, कारण त्यांत काय बदलते आहे हे डोळ्यासमोर दिसते.

संगीताच्या कार्यक्रमातले फोटो मात्र या साध्या उपायांना जुमानत नाहीत. रंगमंचावरच्या लाल एलईडी दिव्यांत घेतलेल्या फोटोत चेहऱ्यावरचा लाल आकडा सगळीकडे २५५ ला जाऊन थटतो, तर हिरवा व निळा तळाशी राहतात. परिणामी गालाचा, कपाळाचा उंचसखलपणा लाल रंगात नाहीसा होतो आणि गायकाचा चेहरा सपाट लाल डागासारखा दिसतो. एकदा २५५ ला थटलेल्या आकड्यात माहिती उरत नाही, त्यामुळे तो खाली ओढला तरी सपाटपणा जात नाही. अशा वेळी हिरव्या रंगाचा आकडा तपासावा. त्यात थोडाफार तपशील बहुधा शिल्लक असतो. 'चॅनल मिक्सर' या आज्ञेने त्याच्यावर भर देऊन फोटो कृष्णधवल केला तर चेहरा परत मिळतो. त्याबरोबर दाणेदारपणाही येतो, पण कृष्णधवल फोटोत तो खटकत नाही. मासिकातला एखादा फोटो कृष्णधवल करण्यामागे पुष्कळदा सौंदर्यदृष्टीपेक्षा ही अडचण असते, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

फोटोचा ठरावीक भाग उजळ किंवा गडद करण्याच्या साधनांना 'डॉज' आणि 'बर्न' म्हणतात. ही नावे संगणकाच्या आधीची आहेत. अंधाऱ्या खोलीत कागदावर फोटो उतरवताना छायाचित्रकार काडीला लावलेली चकती मध्ये धरून एखाद्या भागावरचा प्रकाश अडवत, किंवा हाताच्या पंजाने बाकीचे झाकून एखाद्या भागाला जास्त प्रकाश देत. फोटोशॉपमधली या साधनांची चित्रे आजही तीच आहेत. डोळ्यांच्या आसपास थोडा उजेड आणि पार्श्वभूमीच्या कडांना थोडा अंधार, एवढ्याने वाचकाची नजर चेहऱ्यावर स्थिरावते.

४. लेयर आणि मास्क

फोटोशॉपची सुरुवात थॉमस नोल या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्याने १९८७ च्या सुमारास लिहिलेल्या प्रोग्रामपासून झाली. चित्रपटांच्या विशेष दृश्यांचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन त्यात सामील झाला, आणि अडोबी कंपनीने त्याची पहिली आवृत्ती १९९० मध्ये बाजारात आणली. त्या आवृत्तीत एका फोटोवर दुसरा चिकटवला की खालचे पिक्सेल कायमचे जात. १९९४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे एकावर एक असे स्वतंत्र थर, ज्यांतला कोणताही थर बाकीच्यांना धक्का न लावता हलवता, लपवता किंवा बदलता येतो. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या 'ॲडजस्टमेंट लेयर'मुळे लेव्हल्ससारखी दुरुस्तीही वेगळ्या थरावर ठेवता येऊ लागली. शुल्क परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांना गिंप हा मोफत प्रोग्राम उपलब्ध आहे. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला, आणि २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ पिक्सेल न बदलता फिल्टर लावण्याची सोय झाली. या प्रकरणातले काम दोन्हींत करता येते.

लेयरला जोडलेला मास्क म्हणजे त्याच आकाराचे एक कृष्णधवल चित्र: मास्क जिथे पांढरा तिथे लेयर दिसतो, काळा तिथे लपतो, करडा तिथे अर्धवट दिसतो. रांगोळीच्या छापात जिथे भोक असते तिथूनच रंग खाली पडतो आणि बाकीची जागा झाकलेली राहते, तसे हे आहे. फरक इतकाच की मास्कचे भोक हवे तेव्हा बुजवता येते. खोडरबराने पुसलेला भाग फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही, पण मास्कवर काळ्याने लपवलेला भाग सहा महिन्यांनीही पांढऱ्याने रंगवून उघडता येतो. विद्यार्थ्याने संपूर्ण प्रोग्रामातून एकच गोष्ट शिकायची ठरवली तर ती मास्क असावी.

त्याचा सर्वांत परिचित उपयोग मुखपृष्ठावर दिसतो, जिथे मासिकाचे नाव गायकाच्या डोक्यामागे गेल्यासारखे वाटते. त्यासाठी तीन लेयर पुरतात. सर्वांत खाली पूर्ण फोटो ठेवावा, त्यावर मासिकाचे नाव ठेवावे आणि सर्वांत वर त्याच फोटोची प्रत ठेवून तिला असा मास्क लावावा की फक्त डोके आणि खांदे दिसतील. डोके निवडण्यासाठी फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' आणि गिंपमध्ये 'फोरग्राउंड सिलेक्ट' ही साधने आहेत. ती चेहऱ्याची कड बरी पकडतात, पण भुरभुरणाऱ्या केसांपाशी हमखास चुकतात. तिथे मास्कची कड पिक्सेलभर मऊ करून आत सरकवावी आणि राहिलेल्या बटा बारीक ब्रशने हाताने रंगवाव्यात; त्याहून सोपा उपाय म्हणजे फोटो काढतानाच मागे साधी, एकरंगी भिंत निवडणे.

नाव किती झाकावे, हा प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. १९६७ पासून निघणाऱ्या 'रोलिंग स्टोन'ला आपल्या नावावर मोठे डोके येऊ देणे परवडते, कारण उरलेल्या अक्षरांवरून वाचक ते ओळखतो. ज्याचा पहिलाच अंक निघतो आहे त्या मासिकाला ही चैन परवडत नाही. मराठी नावाच्या बाबतीत आणखी एक दक्षता लागते: 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेषेपाशी असतो, आणि वेलांट्या, मात्रा, रफार तिच्याही वर असतात. तेव्हा डोके शिरोरेषेच्या खालीच थांबवावे, आणि शक्यतो दोन अक्षरांच्या मधल्या जागेत आणावे.

५. काय पुसावे आणि काय पुसू नये?

नको असलेले डाग काढण्याची दोन मुख्य साधने आहेत. 'क्लोन स्टँप' फोटोच्या एका भागातले पिक्सेल जसेच्या तसे दुसऱ्या भागावर उमटवतो, तर 'हीलिंग ब्रश' पोत एकीकडून घेतो पण रंग आणि उजेड त्या जागेच्या आसपासचा राखतो. गालावरच्या पुटकुळीसाठी दुसरे साधन योग्य ठरते, आणि गिटारच्या कडेला लागून असलेल्या वायरीसाठी पहिले, कारण हीलिंग ब्रश कडेजवळ दोन रंग एकमेकांत मिसळून डाग पाडतो. ही दुरुस्ती रिकाम्या नव्या लेयरवर करावी, म्हणजे ती फसली तर तेवढा लेयर काढून टाकता येतो.

व्यावसायिक रीटचिंगमध्ये एक साधी कसोटी वापरतात: आठवड्याभरात आपोआप गेली असती ती गोष्ट, जसे पुटकुळी किंवा शर्टावरचा कापसाचा धागा, काढायला हरकत नाही, तीळ, व्रण किंवा सुरकुती मात्र त्या माणसाची असते. वादकाच्या बोटांवरचे घट्टे पुसणे तर हास्यास्पदच, कारण संगीत-मासिकात तीच खरी माहिती असते. त्वचा गुळगुळीत करणारे एका बटणाचे फिल्टर या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यांतून बाहेर पडलेले सगळे गायक एकमेकांचे भाऊ वाटतात.

फोटोत खोटेपणा कुठून सुरू होतो, हा वाद जुना आहे. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले, कारण आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसत नव्हता. त्यावर झालेली टीका आजही पत्रकारितेच्या वर्गांत शिकवली जाते. १९६९ मध्ये बीटल्सच्या 'ॲबी रोड'साठी काढलेल्या फोटोत पॉल मॅकार्टनीच्या हातात सिगरेट आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पोस्टर विकणाऱ्या कंपन्यांनी ती परवानगी न घेता पुसली, आणि त्यावरही वाद झाला. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये आलेल्या 'जनरेटिव्ह फिल'सारख्या साधनांनी नसलेली वस्तू शब्दांत मागून फोटोत घालता येते. अशा साधनांच्या मदतीने भिंत वरच्या बाजूला दोन बोटे वाढवणे क्षम्य आहे. रिकाम्या सभागृहात श्रोते बसवणे ही थाप आहे, मग ती कितीही सफाईने मारलेली असो.

संगीताच्या मासिकाला आणखी एक चूक टाळावी लागते आणि ती एका क्लिकमध्ये होते. वादक पानाच्या बाहेर पाहतो आहे, तो आत पाहताना बरा दिसेल, असे वाटून फोटो आरशासारखा उलटवला जातो. उलटवलेल्या फोटोत तबल्याचा दायाँ डाव्या हाताखाली आणि बायाँ उजव्या हाताखाली जातो, सतारीचा दांडा भलत्या खांद्याकडे जातो, व्हायोलिन उजव्या खांद्यावर येते. मॅकार्टनी आणि जिमी हेंड्रिक्स हे दोघेही डावखुरे होते, आणि त्यांचा फोटो उलटवला की ते उजवे वादक बनतात. सामान्य वाचकाला हे कळणार नाही, पण संगीत-मासिकाचा वाचक सामान्य नसतो. त्याला ते पहिल्या नजरेत कळते, आणि मग त्या अंकातल्या एकाही वाक्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

६. पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर कागदावर सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक छापून रंग तयार होतात. या चार शायांच्या पद्धतीला सीएमवायके म्हणतात. प्रकाशाने जितके तेजस्वी रंग दाखवता येतात तितके शाईला साधत नाहीत, आणि त्याचा फटका नेमका संगीताच्या फोटोंना बसतो: रंगमंचावरचा विजेसारखा निळा कागदावर निस्तेज जांभळट उतरतो, झगझगीत हिरवा विटतो. म्हणून मुख्य रंगसंगती ठरवण्यापूर्वीच 'सॉफ्ट प्रूफ' हा पर्याय चालू करून फोटो छपाईत कसा दिसेल याचा अंदाज घ्यावा.

शीर्षकांचे रंग फोटोतूनच उचलणे हा नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. गायिकेच्या ओढणीतला गेरू 'आयड्रॉपर'ने टिपून शीर्षकाला दिला की पान एकसंध वाटते. अशा दोन रंगांच्या पलीकडे मुखपृष्ठावर फारसे काही लागत नाही. लहान अक्षरांचा मजकूर मात्र फक्त काळ्या शाईत ठेवावा. चारही शायांच्या मिश्रणातून केलेल्या काळ्या अक्षरांच्या बाबतीत, छपाईच्या चार प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षरांभोवती रंगीत सावली दिसते. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीसाठी उलट चारही शाया वापरतात, नाहीतर काळा करडा वाटतो.

रंगीत छपाई परवडत नसेल तर झेरॉक्सवरही उत्तम मासिक निघते. मार्क पेरी या बँकेतल्या तरुण कारकुनाने १९७६ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेले 'स्निफिन ग्लू' हे पंक संगीताचे फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले हौशी नियतकालिक, टंकलेखन यंत्रावर आणि मार्करने तयार होऊन झेरॉक्सवर निघत असे. झेरॉक्स यंत्र मधल्या करड्या छटा गिळून टाकते, म्हणून अशा अंकासाठी लेव्हल्समध्ये मधल्या छटा जाणून उजळ कराव्यात आणि चेहऱ्याच्या एका बाजूने कडक उजेड पडलेलेच फोटो निवडावेत.

७. अक्षरे फोटोत घालू नयेत

संपादनाच्या प्रोग्राममध्ये अक्षरे लिहिता येतात म्हणून विद्यार्थी पूर्ण मुलाखत फोटोशॉपमध्येच टाइप करतात, आणि फाइल चित्र म्हणून साठवली की त्या अक्षरांचेही पिक्सेल होतात. फोटोला पुरणारे इंचाला ३०० पिक्सेल बारीक अक्षरांच्या कडांना पुरत नाहीत. शिवाय छपाईच्या आदल्या रात्री सापडलेली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करणे अवघड होते. म्हणून फोटो तयार झाला की तो इनडिझाइन किंवा मोफत मिळणाऱ्या स्क्रायबससारख्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये न्यावा आणि मजकूर तिथे बसवावा. देवनागरीसाठी फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपविषयक पसंतीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागे, आणि इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडावा लागतो. तो निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते.

फोटोवर अक्षरे येणारच असतील तर ती वाचता यावीत याची सोय फोटोत करावी लागते. अक्षराला बाह्यरेषा आणि सावली देण्यापेक्षा त्याच्या खालच्या भागावर काळ्यापासून पारदर्शकापर्यंत विरत जाणारा एक लेयर ठेवावा. तो इतका हलका असावा की वाचकाला तो आहे हे कळू नये.

८. फोटो कोणाचा?

इंटरनेटवर सापडलेला प्रसिद्ध बँडचा फोटो वापरायची इच्छा स्वाभाविक आहे, आणि ओसीआरने स्वतःच्याच फोटोंची अट घातली होती ती त्या इच्छेला आवर घालण्यासाठी उपयुक्तच म्हणावी लागेल. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. फोटोवर फिल्टर लावला, तो क्रॉप केला किंवा खाली 'साभार' लिहिले म्हणून परवानगीची गरज संपत नाही. शाळेच्या स्पर्धेत गाणाऱ्या मुलीचा स्वतः काढलेला फोटो मुखपृष्ठावर शोभून दिसतो, आणि त्यासाठी तिची व तिच्या पालकांची संमती मागणे दोन मिनिटांचे काम आहे.

९. फाइल छापखान्यात जाण्यापूर्वी

लेयर शाबूत असलेली मूळ फाइल फोटोशॉपची पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ या स्वरूपात वेगळी जपून ठेवावी आणि पानासाठी तिची प्रत काढावी. जेपेग स्वरूपात आकार लहान करण्यासाठी काही तपशील टाकून दिला जातो, आणि तीच जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, बदलून साठवली की दर वेळी आणखी थोडा तपशील जातो. म्हणून जेपेग शेवटी एकदाच काढावी, किंवा टिफ हे तपशील न गाळणारे स्वरूप वापरावे. फोटोला धार आणणारा 'अनशार्प मास्क' फिल्टरही सर्वांत शेवटी, फोटो अंतिम आकारात आल्यावर लावावा. आधी लावला तर आकार बदलताना कडांभोवती पांढऱ्या रेघा उमटतात. मांडणीच्या प्रोग्राममधून पीडीएफ काढताना ब्लीड आणि कापण्याच्या खुणा समाविष्ट आहेत हे तपासावे.

पडद्याचा उजेड बहुधा गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे पडद्यावर योग्य वाटलेले फोटो छापल्यावर काळवंडतात, आणि ही तक्रार विद्यार्थ्यांच्या जवळपास प्रत्येक पहिल्या अंकाबाबत ऐकू येते. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: सर्व पाने साध्या कागदावर पूर्ण आकारात छापून, दिवसाच्या उजेडात, फोटो संपादित न केलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्यावीत, आणि तो जिथे चेहरा ओळखू शकत नाही किंवा शीर्षक वाचू शकत नाही तेवढ्याच जागा दुरुस्त करून फाइल पाठवावी.